आधी वाचा, मग घासा : जुन्या दाढीच्या मशीनची सफाई आणि त्याचं वय

माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनं दाढीचं मशीन निघालं की पुढची पाच मिनिटं बहुतेक घरांत ठरलेली असतात. ते मोरीत जातं, त्यावर पितांबरी किंवा चिंचेचा कोळ पडतो, तारेची घासणी फिरते आणि काळपट मशीन लख्ख होऊन बाहेर येतं. महिन्याभरात ते पुन्हा मळकट दिसू लागतं, आणि या वेळी पिवळट. वरचा निकेलचा मुलामा घासणीबरोबर मोरीत वाहून गेलेला असतो आणि खालचं पितळ उघडं पडलेलं असतं. पाटीवरची बारीक अक्षरंही त्यात गेली असतील तर ते मशीन १९५५ चं की १९८० चं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पितळी घागर घासायची सवय इथे नडते. घागरीचा एक थर निघाला तरी खाली पितळच असतं. मशीन मुलाम्याचं असतं आणि तो मुलामा काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर अंदाज येईल. पितांबरी, राख, रांगोळी, चिंच हे सगळं तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी उत्तम आहे, मुलाम्यासाठी त्यातलं काहीही नको.

म्हणून आधी वाचायचं, मग भिजवायचं, मग हलकेच घासायचं. पॉलिशची पाळी आलीच तर सगळ्यांत शेवटी.

नावं आधी ठरवून घेऊ. ब्लेडवर बसते ती टोपी, ब्लेडखाली असते ती पाटी, पाटीच्या कडेला सुटे दात असतील तर तो कंगवा, आणि हातात धरायची ती दांडी. टोपी, पाटी आणि दांडी हे तिन्ही भाग सुटे होत असतील तर ते तीन तुकड्यांचं मशीन. दांडीचं टोक फिरवल्यावर वरचे दोन झाप उघडत असतील तर ते दरवाजाचं मशीन.

हातात घेतल्यावर लगेच

आत ब्लेड आहे असं समजूनच उघडा. गंजलेलं ब्लेड पाटीला चिकटलेलं असतं आणि सोडवायला गेलं की तडकतं. चिकटलेलं असेल तर उचकटू नका, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा म्हणजे ते आपोआप सुटतं. निघालेलं ब्लेड लगेच फेकू नका, आधी बघून घ्या. त्याला तीन गोल भोकं आहेत की मधोमध लांब खाच आहे? कागदी वेष्टण शिल्लक आहे का? ब्लेडवरून मशीन शेवटचं कधी वापरलं याचा अंदाज येतो, ते कधी बनलं याचा नाही. तरीही नोंद करून ठेवा. मग ते ब्लेड झाकण असलेल्या पत्र्याच्या डबीत टाका. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला कापेल असं उघडं टाकू नये.

आता उजेड आणि भिंग. सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग सगळ्यांत बरं. ते नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन, टॉर्च बाजूनं तिरका धरून फोटो काढा. समोरून उजेड टाकला की अक्षरं चकाकीत बुडतात. तिरक्या उजेडात कोरलेल्या अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही वाचता येतं. साबणाचा थर अक्षरांवर बसला असेल तर तो खरवडून काढू नका. पुष्कळदा हाच पांढरा थर अक्षराच्या खाचेत भरून ते ठळक करतो, म्हणून पहिला फोटो मळासकटच हवा. पाटीची खालची बाजू, टोपीचं पोट, दांडीची मान आणि दांडीचं टोक या चारही जागा बघा.

वय कशावरून ठरतं

सगळ्यांत जास्त सापडतं ते गिलेट, म्हणून त्यावरूनच सांगतो. किंग कॅम्प गिलेट यांना अमेरिकी पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला, क्रमांक ७७५१३४. मशीनवर ही तारीख दिसली की लोक ते १९०४ चं म्हणून मोकळे होतात. ती तारीख पेटंटची आहे, मशीनची नव्हे. त्या काळी अमेरिकी पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालत असे, म्हणजे हे १९२१ पर्यंत जिवंत होतं आणि तोवर ती तारीख मशीनवर पडत राहिली. पेटंट संपताच नकलांचा पूर येणार हे कंपनीला दिसत होतं, म्हणून त्याच १९२१ मध्ये तिनं ‘न्यू इम्प्रूव्ह्ड’ नावाचं सुधारलेलं मशीन बाजारात आणलं. १९२७ नंतर अमेरिकेत वस्तूवर पेटंटच्या तारखेऐवजी क्रमांक टाकायचा नियम झाला. तेव्हा तारखा दिसल्या तर १९२७ च्या आधीचं, नुसता क्रमांक दिसला तर नंतरचं, अशी ढोबळ वाटणी करता येते. ब्रिटिश पेटंटांचे सलग क्रमांक १९१६ मध्ये १,००,००१ पासून सुरू झाले. सहा आकडी ब्रिटिश क्रमांक म्हणजे मशीन १९१६ च्या आधीचं नाही.

आकाराची साक्ष पेटंटपेक्षाही भरवशाची. टोपीच्या पोटात मधला स्क्रू आणि त्याच्या दोन बाजूंना दोन खुंट्या, खाली कंगवा, म्हणजे तीन भोकांच्या ब्लेडसाठी केलेला जुना घाट. हा १९३० पूर्वीचा. १९३० मध्ये गिलेटनं ‘न्यू’ आणलं आणि ब्लेडला लांब खाच आली. त्याच वेळी ब्लेडचे चारही कोपरे कापले गेले. जुनं मशीन मोरीच्या फरशीवर पडलं की नेमका कोपरा वाकायचा, ब्लेड एका बाजूला वर उचललं जायचं आणि गाल कापायचा. कोपराच काढून टाकल्यावर वाकणार काय? आज किराणा दुकानात मिळणाऱ्या ब्लेडचे कोपरेही असेच कापलेले असतात, आणि आजचं ब्लेड १९१० च्या मशीनलाही बसतं आणि १९५० च्यालाही.

पुढचे टप्पे पटापट. दरवाजाचं पहिलं गिलेट १९३४ चं, ॲरिस्टोक्रॅट. दात नसलेल्या, सलग कडेच्या पाटीचं तीन तुकड्यांचं ‘टेक’ १९३८ चं. ‘सुपर स्पीड’ १९४७ चं, त्याचं लाल टोकाचं रूप १९५५ चं. १ ते ९ आकड्यांची चकती असलेलं, ब्लेडचं अंतर कमीजास्त करता येणारं जाड दांडीचं मशीन १९५८ च्या सुमाराचं, त्याचं सडपातळ भावंड १९६१ पासूनचं, आणि काळ्या दांडीचं ‘सुपर ॲडजस्टेबल’ १९६९ पासूनचं. ही सगळी सुरुवातीची वर्षं आहेत. त्यातली काही मॉडेलं पुढे कैक वर्षं निघत राहिली.

अमेरिकेत बनलेल्या गिलेटवर १९५१ पासून नियमानं एक अक्षर आणि एक आकडा असतो, बहुधा डोक्याच्या खालच्या बाजूला, कधी एकमेकांपासून लांब. आकडा १ ते ४ म्हणजे वर्षाची तिमाही. अक्षर म्हणजे वर्ष. १९५१ ला डब्ल्यू, १९५२ ला एक्स, १९५३ ला वाय, १९५४ ला झेड. १९५५ ला ए पासून पुन्हा सुरुवात आणि मग क्रमानं १९७० ला पी. क्यू गाळला, १९७१ ला आर, तिथून १९७९ ला झेड आणि १९८० ला परत ए. म्हणजे ‘ई २’ दिसलं तर एप्रिल ते जून १९५९.

घोळ लक्षात आला असेल. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड ही अक्षरं दोनदा येऊन गेली, ए सुद्धा दोनदा. अक्षर एकटं काही बोलत नाही, त्याच्या शेजारी घाट उभा करावा लागतो. चकतीच्या काळ्या मशीनवर ‘झेड’ असेल तर ते १९७९, कारण १९५४ मध्ये ते मशीन अस्तित्वातच नव्हतं.

आपल्याकडे अमेरिकी मालापेक्षा इंग्लंडचा माल जास्त निघतो आणि तिथल्या १९५० च्या दशकातल्या मशीनवर हा कोड नसतो. कुठलंतरी अक्षर कोड समजून वर्ष काढायचा मोह आवरा. तिथे डबी आणि कागद उपयोगी पडतात. लंडनजवळच्या आयलवर्थचा कारखाना १९३७ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो पत्ता छापलेली डबी त्याआधीची नसते. जर्मन मशीनवर ‘डी.आर.जी.एम.’ ही नोंदणीची खूण असेल तर ते दुसऱ्या महायुद्धाअखेरपर्यंतच्या काळातलं, ‘डी.बी.जी.एम.’ असेल तर युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीतलं. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० या पट्ट्यातलं.

भारतातल्या डबीवर तर केवढी माहिती असते, आणि नेमकी डबीच लोक आधी फेकतात. किंमत रुपये-आणे-पैत असेल, म्हणजे ‘३-८-०’ अशी, तर ती चिठ्ठी १ एप्रिल १९५७ पूर्वीची किंवा फार तर त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून ‘नवे’ गळून नुसते पैसे राहिले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स’ हे नाव दिसलं तर १९८४ नंतरची, कारण ती कंपनीच त्या वर्षीची. पुढे तिचंच नाव गिलेट इंडिया झालं.

समजा एक डबी हाती आली. आत टेक, डबीवर आयलवर्थचा पत्ता, बुडाला दुकानाची चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव इंग्रजी काळच्या वळणाचं ‘शोलापूर’ आणि किंमत आणे-पैत. टेक १९३८ च्या आधीचं असू शकत नाही, आयलवर्थ १९३७ च्या आधीचं नाही, चिठ्ठी १९५७ च्या फारशी पुढे जात नाही. उत्तर येतं १९३८ ते १९५७ असा वीस वर्षांचा पट्टा. त्यातले युद्धाचे दिवस वेगळे काढता येतात का, ते लोहचुंबकानं बघा. युद्धात पितळेची टंचाई झाली तेव्हा काही दांड्या पोलादी पत्र्याच्या झाल्या, आणि दांडीला चुंबक घट्ट चिकटलं तर युद्धकाळाकडे बोट जातं. याहून बारीक वर्ष सांगणारा माणूस विकायला बसलेला असतो.

एक नियम मात्र पक्का धरा. सगळ्यांत अलीकडची खूण ज्या वर्षाची, त्याहून मशीन जुनं असू शकत नाही. १९०४ ची पेटंट तारीख आणि १९३० चा घाट एकत्र दिसले तर १९३० जिंकतं. आणि दोन खुणा एकमेकींशी भांडत असतील तर दांडी एकाची आणि डोकं दुसऱ्याचं असण्याची शक्यता मोठी. अशी लावलेली लग्नं ओळखायला मुलाम्याचा रंग बघा. निकेल पिवळसर, उबदार दिसतं, क्रोम निळसर आणि थंड, चांदी पांढरी आणि खाचांत काळवंडलेली. टोपी निळसर आणि दांडी पिवळसर म्हणजे जोडी मूळची नाही.

धातू ओळखल्याशिवाय पाणी घालू नका

झिजलेली जागा शोधा, बहुधा टोपीची कड किंवा दांडीवर अंगठा बसतो ती जागा. तिथे पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतीव मिश्रण. जस्ताचं मशीन त्याच आकाराच्या पितळी मशीनपेक्षा हातात हलकं लागतं, आणि त्याच्या मुलाम्याखाली फोड आलेले असतात. फोडाखाली पांढरी भुकटी असेल तर जस्त आतून खात गेलेलं आहे. त्यावर इलाज नाही. घासाल तितका फोड फुटेल. पुसून, कोरडं करून कपाटात ठेवा.

सोन्याच्या मुलाम्याचं मशीन वेगळ्या रांगेत बसवा. सोन्याचा थर फारच पातळ आणि पुष्कळदा त्यावर पारदर्शक लाखेचा हात असतो. उकळतं पाणी, अमोनिया, पॉलिश, स्पिरिटमध्ये बुडवणं, सगळं वर्ज्य. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ कापड एवढ्यावरच थांबायचं.

बेकलाइटची दांडी दहा मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नका, चकाकी जाते. ॲल्युमिनियमच्या दांडीला धुण्याचा सोडा लावू नका, तो ॲल्युमिनियम खातो.

भिजवणं

सोलापुरात नळाच्या जोडीला बोअर असतं आणि बोअरचं पाणी जड. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारी पांढरट साय तयार होते. वर्षानुवर्षं ती कंगव्याच्या दातांत, आट्यांत, दरवाजाच्या बिजागरीत साचते आणि दगडासारखी होते. कोरड्या हवेमुळे इथल्या मशीनवर कोकणातल्यासारखा हिरवा कळंक फारसा चढत नाही, पण क्षार भरपूर. त्यामुळे सफाईचा मोठा भाग म्हणजे ही साय सोडवणं.

एका काचेच्या भांड्यात अर्धा लिटर कोमट पाणी घ्या, बोट सहज बुडवता येईल इतकं, म्हणजे ५० अंशांच्या आतलं. भांड्यांच्या लिक्विडचे चारपाच थेंब. तीन तुकड्यांचं मशीन सुटं करून अर्धा तास. दरवाजाचं मशीन उघडं ठेवून एक तास, मध्ये एकदा पाणी बदलून. मग जुना, मऊ झालेला दातांचा ब्रश. कंगव्याच्या दातांत बांबूची दातकोरणी चालते, सुई नको, टाचणी नको. आट्यांत सुती दोरा गुंडाळून मागेपुढे ओढला की गच्च बसलेला मळ दोऱ्याबरोबर निघतो. हे पाणी ओतून टाका आणि पुन्हा एकदा तेच करा. निम्म्याहून अधिक मशीनं इथेच स्वच्छ होतात.

क्षार तरीही हटला नाही तर आम्ल, पण घड्याळ लावून. पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी पाच भाग. किंवा एक ग्लास पाण्यात अर्धा चमचा लिंबूफूल. पाच मिनिटं, काढून ब्रश, लगेच पाणी. उरलंच तर अजून एकदा पाच मिनिटं. रात्रभर ठेवायचं नाही. आम्ल क्षार संपवून थांबत नाही, मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून पितळापर्यंत जातं आणि त्यातलं जस्त ओढून काढतं. मग पितळेवर तांबूस डाग दिसतो, तो पुसून जात नाही. आम्लातून काढल्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात एकदा बुडवा. जस्ताच्या मशीनला आणि सोन्याच्या मुलाम्याला आम्ल अजिबात नाही.

हिरवा कळंक असेल, म्हणजे कळकलेल्या भांड्याला असतो तसाच, तर तोही याच आम्लात सुटतो. खाली खड्डा राहतो. तो खड्डा भरायचा प्रयत्न करू नका.

चांदीचा मुलामा काळा पडला असेल तर तिथे एक जादू चालते. भांड्याच्या तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर मशीन फॉइलला टेकलेलं, एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा. काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. ॲल्युमिनियम त्यातला गंधक आपल्याकडे ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी परत येते, घासून झिजत नाही. दोनतीन मिनिटं पुरतात. निकेलला याचा काहीही उपयोग नाही.

शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यानं केलं तर सगळी मेहनत डागांत जाते. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळणारं डिस्टिल्ड वॉटर एक पेला पुरे. मग पुसणं. इथे सोलापूरचा टर्की टॉवेल कितीही प्रसिद्ध असला तरी नको, त्याचे फास कंगव्याच्या दातांत अडकतात आणि जोरानं ओढला तर दात वाकतो. जुना, धुऊन पातळ झालेला पंचा घ्या.

अमोनिया का नको

काच पुसायच्या काही फवाऱ्यांत आणि पितळेच्या काही द्रवरूप पॉलिशांत अमोनिया असतो. त्यानं पितळ चमकतं हे खरं. पण जुन्या मशीनची पोकळ दांडी पत्रा ताणून बनवलेली असते आणि तो ताण धातूत कायम अडकून असतो. अशा ताणलेल्या पितळेला अमोनिया लागला की ते केसासारखं तडकतं. हा शोध लागला तोही भारतातच घडलेल्या प्रकारामुळे. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवत, आणि पाऊस सरला की पितळी काडतुसांना चिरा पडलेल्या दिसत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओली हवा, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

दांडीला आधीच चीर आहे का, हे बघायची जागा म्हणजे मान, जिथे पाटी टेकते. भिंगातून उभी, काळी रेघ दिसते. खात्री करायची तर मानेवर पाण्याचा थेंब ठेवा आणि पुसून घ्या. चीर असेल तर ती रेघ काही क्षण ओली राहते आणि पाणी पुन्हा बाहेर झिरपतं. अशी दांडी आवळून बसवू नका. डाग देऊन सांधायला गेलात तर उष्णतेनं शेजारचा मुलामा काळा पडतो.

दरवाजाचं मशीन अडकलं तर

पक्कड आणू नका. ही मशीनं रिव्हेट करून बंद केलेली असतात, उघडली की परत जुळत नाहीत. एक तास कोमट साबणाचं पाणी, मग दांडीचं टोक बोटांनी थोडं इकडे, थोडं तिकडे. सुटलं की वाळवा आणि तेलाचा एकेक थेंब: टोक आणि दांडी यांच्या सांध्यात एक, दोन्ही बिजागऱ्यांत एकेक. तेल औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. घरातलं करडईचं तेल चुकूनही नको. करडईचं तेल हवेत सुकून चिकट राळ होतं आणि दोन महिन्यांत मशीन आधीपेक्षा घट्ट बसतं. खोबरेल सुकत नाही, पण २४ अंशांखाली थिजतं. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीच्या दिवसांत, सकाळी टोक फिरणारच नाही.

चकतीचं मशीन असेल तर आकडा बदलण्याआधी टोक अर्धा फेरा सैल करा. आत ब्लेड आवळलेलं असताना चकती फिरवली की आतल्या दट्ट्यावर ताण येतो. चकतीवरच्या आकड्यांत रंग भरलेला असतो, तो थिनर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवानं एका पुसण्यात जातो.

दांडीच्या नळीत पाणी राहतं हे लोक विसरतात. टोक वर करून, दरवाजे उघडे ठेवून, रात्रभर उभं ठेवा. मे महिन्यात दोन तास पुरतात.

निर्जंतुक करणं

ट्रंकेत चाळीस वर्षं पडलेल्या मशीनवर जिवंत काही उरण्याची भीती नाही. भंगारातून आलेलं मशीन मात्र मागच्या आठवड्यापर्यंत कुणाच्या वापरात होतं हे कळत नाही. हेपॅटायटिस बीचा विषाणू सुक्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो. सगळा मळ निघाल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं बुडवा. मळ शिल्लक असताना बुडवून उपयोग नाही, स्पिरिट मळाच्या आत पोहोचत नाही. रंग किंवा लाख असलेल्या भागांना नुसतं पुसून घ्या. ब्लीचिंगचं पाणी वापरू नका, क्लोरीन निकेलला टाचणीएवढे खड्डे पाडतं.

पॉलिश आणि शेवटची तपासणी

निकेल किंवा क्रोम निरोगी असेल आणि नुसतं मंद दिसत असेल तर अमोनिया नसलेलं मऊ पॉलिश वाटाण्याएवढं, पंचाच्या तुकड्यावर, एकदोन मिनिटं. अक्षरांवरून हात फिरवू नका. कापड काळं होतंय ते नेहमी मळामुळेच असं नाही, थोडा मुलामाही त्यात असतो. पितळ दिसू लागलेल्या जागी थांबा.

मग नवं ब्लेड चढवून डोक्यावरून बघा. दोन्ही बाजूंना ब्लेडची कड सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असेल तर टोपी किंवा कंगवा कधीतरी पडून वाकलेला आहे. पाटी काचेवर उपडी ठेवून एकेक कोपरा दाबा, डुगडुगली की वाकलेली आहे. एखादा दात वाकला असेल तर लाकडी काडीनं, एकदाच, हळू सरळ करता येतो. पितळ दर वाकवण्याला कडक होत जातं, तिसऱ्यांदा वाकवलं की दात हातात येतो. दरवाजांमधली फट दोन्ही टोकांना सारखी नसेल तर ते मशीन शोभेला ठेवा, गालाला नको.

ठेवताना ब्लेड काढून ठेवा. नोंदी पेन्सिलीनं एका कागदावर: अक्षर, आकडा, क्रमांक, कुठे लिहिलं होतं ती जागा, आणि मळासकट काढलेल्या फोटोची तारीख. कागद डबीत, मशीन सुती चिंधीत. डबीचं झाकण सैल झालं असेल तर दोऱ्यानं बांधा. रबर लावू नका, रबरातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उमटतो आणि उन्हाळ्यात तेच रबर वितळून डबीच्या कागदाला कायमचं चिकटतं.